इंजिनिअरिंगनंतर पेटंटची वाट धरावी का?

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटची तयारी सोडून अमेरिकेतल्या ऑनलाइन लिलावाच्या पेटंटचे खटले वाचत बसते, पुढे लॉ करायचं म्हणते. इतक्या वर्षांची फी पाण्यात जाणार का? – एक पालक, सांगली

उत्तर : नाही जाणार. उलट भारतात पेटंट एजंट (दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज तयार करून पेटंट कार्यालयात मांडणारी व्यक्ती) व्हायला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. एलएलबी लागत नाही. कोर्टात वकिली करायची असेल तर मात्र सीईटी देऊन तीन वर्षांचा एलएलबी करावा लागेल.

ती वाचतेय त्यात ऑनलाइन लिलावाच्या ईबे या वेबसाइटचा 'ईबे विरुद्ध मर्कएक्स्चेंज' खटला असणारच. मर्कएक्स्चेंजचे थॉमस वूलस्टन स्वतः इंजिनिअर आणि पेटंट वकील. त्यांचा अर्ज १९९५चा; ईबेचं 'बाय इट नाऊ' (लिलावाशिवाय ठरलेल्या किमतीला लगेच खरेदी) त्या पेटंटच्या कक्षेत येतं, असं ज्युरीनं २००३ मध्ये ठरवलं आणि साडेतीन कोटी डॉलरची भरपाई लावली (ती पुढे कमी झाली). पण २००६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की खटला जिंकला म्हणून समोरच्याचा वापर थांबवणारा मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही. पेटंटधारकाच्या हातातलं मोठं हत्यार बोथट झालं. २००८ मध्ये तडजोड झाली, ईबेनं ती पेटंटं विकतच घेतली.

त्याच कोर्टाच्या २०१४ च्या 'अ‍ॅलिस' निकालानं तर व्यवहाराची जुनी कल्पना नुसती कॉम्प्युटरवर चढवली तर पेटंट नाही, असं ठरलं. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के)मुळे व्यवसायपद्धतीला पेटंट मिळतच नाही. म्हणून ट्रेडिंग-लिलाव या एकाच कोपऱ्यावर तिनं भिस्त ठेवू नये. टेलिकॉम, चिप्स, वैद्यकीय उपकरणं इथेही हेच कौशल्य चालतं.

आवड खरी आहे का, ते घरीच तपासता येईल. वूलस्टन यांच्या पेटंटचा एक क्लेम (हक्क नेमका कशावर, हे सांगणारं वाक्य) घ्यायला सांगा. डाव्या रकान्यात त्याचा एकेक तुकडा, उजवीकडे वेबसाइटवर तो नेमका कुठे दिसतो त्याचा पुरावा. एक तुकडा जरी जुळला नाही, तरी शब्दशः उल्लंघनाचा दावा कोसळतो. याला क्लेम चार्ट म्हणतात, आणि नोकरीत सुरुवातीला बऱ्याच जणांच्या वाट्याला हेच येतं. काम किचकट आहे. खटल्याच्या गोष्टी आवडणाऱ्या अनेकांना ते झेपत नाही.

प्लेसमेंट मात्र सोडू देऊ नका. वर्ष-दोन वर्षं प्रत्यक्ष कोड लिहिलेला उमेदवार पेटंट फर्मला जास्त उपयोगी पडतो, आणि एजंटच्या परीक्षेचा अभ्यास नोकरी सांभाळूनही होतो.