तोरणमाळ सायकलवर करताय? पॉइंट कमी करा, मुक्काम वाढवा

तुमचा प्लॅन वाचला. पुण्याहून चौघं, डिसेंबरचा शेवट, हायब्रिड सायकली, शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने शहादा, शनिवारी घाट चढून तोरणमाळ (नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यावरचं थंड हवेचं ठिकाण), रविवारी सकाळी सगळे पॉइंट आणि संध्याकाळी परत खाली. आणि शेवटी एक ओळ, "जमलं तर आदिवासी संस्कृती पण बघायची आहे". मी याच पट्ट्यातला, म्हणून स्पष्टच सांगतो, घाट होईल, पॉइंटही होतील, पण त्या "जमलं तर"चं काही होणार नाही. कारण दुपारी चारला दमून वर पोचलेला माणूस जेवतो आणि झोपतो, आणि सकाळी उठून घड्याळ बघत फिरतो. एक रात्र वाढवा. रजा मिळतच नसेल तर अर्धे पॉइंट सोडून द्या, काही बिघडत नाही. आणि ३१ डिसेंबरचा वीकेंड तर नकोच, त्या दोन दिवसात वर गाड्या, स्पीकर आणि प्लास्टिकच्या बाटल्या सोडून काही दिसत नाही.

आता रस्ता. शहादा ते तोरणमाळ ५५ किलोमीटरच्या आसपास धरा, लोणखेडा, म्हसावद, राणीपूर असं जायचं. राणीपूरपर्यंत जवळजवळ सपाट आहे, पपई, केळी, कापूस, ऊस, दोन्ही बाजूंनी बागायत. इथे लोक जोरात पायडल मारतात आणि पाय संपवून बसतात. त्यात डिसेंबर म्हणजे गाळप हंगाम, उसाच्या डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर चालू असतात, मागची ट्रॉली डुलते आणि ड्रायव्हर गाणी लावून बसलेला असतो, त्याला तुमची घंटी ऐकू येणार नाही. पहाटे अंधारात निघणार असाल तर मागचा लाल दिवा पाहिजेच, आणि ओव्हरटेक करताना घाई नको.

राणीपूरनंतर सातपुडा खरा सुरू होतो. तापीच्या सपाटीवरून तुम्ही साधारण ११५० मीटर उंचीवर जाताय, म्हणजे हजार मीटरच्या आसपास चढाई, आणि ती बहुतेक सगळी शेवटच्या टप्प्यात. वरच्या वळणांना लोक सातपायरी म्हणतात, वरून खाली बघितलं की रस्त्याचे पदर एकाखाली एक दिसतात, फोटो सगळे तिथलेच असतात. हायब्रिड चालेल, पण मागच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांना) ३२ किंवा ३४ दाती चाक असू द्या. पुढे पायडलजवळ एकच मोठी चेनरिंग (दातेरी चकती) असेल त्या मित्राला आधीच सांगा की तो ढकलत येणार आहे (ढकलण्यात कमीपणा काही नाही, घाटात चालताना पक्षी जास्त दिसतात). पाणी माणशी तीन लिटर राणीपुरातच भरून घ्या, थंडी असली तरी दुपारी खानदेशचं ऊन लागतंच. आणि पैसे शहाद्यातच काढा, वर नेटवर्कचा भरवसा नाही त्यामुळे यूपीआय चालेलच असं समजू नका.

वरचे पॉइंट. यशवंत तलाव सकाळी सहा-साडेसहाला, अंगात जॅकेट घालून, सायकलवरच. पाण्यावर धुकं असतं, रस्ता सोपा आणि गर्दी शून्य, सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात मजेचं सायकलिंग हेच. सीताखाईला जा पण डिसेंबरात धबधबा बघायला म्हणून जाऊ नका, पाणी बारीक झालेलं असतं, दरी बघायला जा, ती बाराही महिने तेवढीच खोल आहे. खडकी पॉइंट वेळ असला तर. मच्छिंद्रनाथ गुंफा आणि गोरखनाथाचं मंदिर मात्र सोडू नका, कारण तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण नंतर झालं, आधी ते नाथपंथाचं ठिकाण आहे. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश तिन्हीकडून लोक येतात, एसटी जादा गाड्या सोडते, त्या आठवड्यात सायकल घेऊन घाटात शिरायचं नाही. गावातली म्हातारी माणसं युवनाश्व राजाची गोष्ट सांगतात, तो पांडवांच्या बाजूने लढला आणि तोरणमाळ त्याची राजधानी होती म्हणे. जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत, गोष्ट खरी की खोटी ते सोडा, चहा पिताना ऐकायला छान आहे.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो, खरं तर उत्तर लिहायला बसलो ते त्या ओळीमुळे.

संस्कृती "बघायला" वेगळा पॉइंट नाहीये. वर पावरा आणि भिल्ल लोक राहतात, आणि आपल्याकडे असतं तसं घराला घर चिकटलेलं गाव तिथे शोधू नका. ज्याचं शेत त्याच्या शेतातच त्याचं घर, एक या टेकडीवर, दुसरं समोरच्या उतारावर, असा पाडा पसरलेला असतो. बांबूच्या कुडाच्या भिंती, त्याला माती-शेणाचा लेप, आत धान्याच्या बांबूच्या कणग्या. त्यामुळे पाड्यात जाणं म्हणजे थेट कुणाच्या तरी अंगणात जाणं. आपल्या सोसायटीत चार अनोळखी माणसं हेल्मेट घालून, छातीवर कॅमेरा लावून शिरली तर आपण काय करू तेवढं डोक्यात ठेवा. गावातला एखादा पोरगा सोबत घ्या, मुक्कामाच्या ठिकाणी विचारलं की मिळतो, त्याला दिवसाचे पैसे आधी ठरवून नीट द्या, घासाघीस करू नका. तो असला की बोलणं पण होतं, कारण घरात पावरी बोलतात, बऱ्याच म्हाताऱ्या बायांना मराठी समजत नाही. पोरांना चॉकलेटं वाटायची नाहीत. फोटो विचारून. आणि मोहाची दारू कुठे मिळते ही चौकशी करत फिरायचं नाही, दरवेळी कुणीतरी ती करतंच आणि मग पुढच्या लोकांकडे पण त्याच नजरेने बघतात.

विकत काय घ्यायचं विचारलंत म्हणून, आमचूर घ्या. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगी भागात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, खडकांवर नि अंगणात वाळवतात, सगळं घर त्या कामाला लागतं. वर्षानुवर्षं हा माल व्यापाऱ्यांनी पडत्या भावात उचलला, आता नंदुरबारच्या आमचूरला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय पण अंगणात बसून कैरी चिरणारीच्या हातात किती पडतं हा प्रश्न आहेच. म्हणून थेट त्यांच्याकडून घ्या. भगर आणि चारोळी पण मिळाली तर बघा. आठवडे बाजार कुठे, कोणत्या दिवशी ते शहाद्यातच विचारून घ्या आणि शक्य असेल तर मुक्काम त्या दिवसावर बेतून ठेवा, एक बाजार म्हणजे चार पॉइंटांच्या वर आहे. कोण कुठून चालत आलंय, काय विकायला आणलंय, चांदीचे दागिने कसे आहेत, सगळं तिथेच दिसतं आणि तुम्ही पण गिऱ्हाईक असल्यामुळे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

होळीला या असं अनेक जण सांगतील, बरोबर आहे, पण ती वेगळी ट्रिप. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे, १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. उंच बांबू उभा करतात, त्याचा खड्डा हातानेच खणतात, रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते पहाटे. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, अंगावर राखेचे ठिपके, तो फोटो तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलेला असणार. पण ज्यांनी ते अंगावर घेतलंय त्यांचा नवस असतो, पालनी पाळतात, खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात, वेगळं शिजवून खातात. हल्ली त्यांच्यासमोर ड्रोन उडवणारे आणि "जरा इकडे बघा" म्हणणारे वाढलेत, बघून राग येतो. सायकल तेव्हा आणूच नका, मार्चमध्ये इकडे ऊन तापायला लागलेलं असतं.

वाढवलेल्या दिवसाचं दुसरं टोक खाली वापरता येईल. नंदुरबारहून रेल्वेने परत जाणार असाल (सुरत-भुसावळ लाइन) तर शहादा-नंदुरबार रस्त्यावर तापीकाठी प्रकाशा लागतं. लोक दक्षिणकाशी म्हणतात, केदारेश्वराचं मंदिर आणि घाट आहेत, आणि १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने इथल्या पांढरीच्या टेकाडात (जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्यात) खणलं तेव्हा ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली होती. दिसायला फार काही नाही, पण नदीकाठी तासभर बसा. नंदुरबार जवळ आलं की हवेत तिखट वास सुटेल, घाबरू नका, मिरचीच्या पथाऱ्या आहेत, मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. सायकलवर त्या बाजूने जाताना नाकाला रुमाल बांधा, चेष्टा नाही. आणि डिसेंबरात तारखा जुळल्या तर दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार पण आहे, शहादा-दोंडाईचा रस्त्यावर, तिथे मात्र एक पूर्ण दिवस जातो.

धडगावमार्गे चांदसैली घाटाने तळोद्याला उतरू का असंही विचारलंय. चार दिवस असतील तर विचार करा, तीन दिवसात नको. तो घाट पावसाळ्यात दरडींसाठी बदनाम आहे, नंतरही रस्ता कधी कसा असेल सांगता येत नाही, आधी चौकशी करूनच. बिलगावचा बारा धाऱ्यांचा धबधबा धडगाव तालुक्यातच आहे, उदई नदीवर, तिथे गावकऱ्यांनी श्रमदान करून २००३ मध्ये १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला होता, गावात लाइट आली होती, आणि २००६ मध्ये सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात तो बुडाला. हा भाग समजून घ्यायचा असेल तर ते ठिकाण महत्त्वाचं, पण त्यासाठी परत या.

राहायला एमटीडीसीचं (पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट आणि वनखात्याचं विश्रामगृह आहे, दोन्हीकडे आधी बुकिंग करा, ऐनवेळी जाऊन भांडण नको. रात्री थंडी चांगली पडते, स्लीपिंग बॅग असेल तर आणा. जेवणाचं निघतानाच सांगून ठेवा, भाकरी, उडदाची डाळ, ठेचा मिळेल, पनीर मागू नका.

उतरताना रविवारच्या संध्याकाळचा प्लॅन रद्द करा, अंधारात हा घाट उतरायचा नाही. सकाळी नऊ-दहाला निघा, धुकं गेलेलं असतं आणि खालून येणाऱ्या जीपा कमी असतात. ब्रेक सलग दाबून ठेवू नका, थोडा-थोडा, दोन्ही आलटून-पालटून, मध्ये थांबून रिम गार होऊ द्या. तुमच्यातल्या ज्याच्या सायकलला रिम ब्रेक आहेत त्याने पुण्यातूनच नवीन पॅड टाकून आणि एक जोडी जास्तीची घेऊन यावं, शहाद्यात त्या मापाचे मिळतीलच असं नाही.