आईच्या बोटांवरची डाळ

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. वर्षभरानं दोन दिवस गावी, गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात गेलो. सकाळी बाबा मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर नेऊन बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं काहीतरी दाखवत होते, तेवढ्यात शेजारच्या तालुक्यात नक्षल्यांनी एकाला पोलिसांचा खबऱ्या ठरवून मारल्याची बातमी आली. मग घरात दोन्ही दिवस तोच विषय. एक माणूस जिवानिशी गेला आणि मी मात्र माझी सुट्टी वाया गेली म्हणून चिडलो. मी इतका स्वार्थी आहे का?

उत्तर : नाही हो. वर्षभर वाट पाहिलेले दोन दिवस असे गेले, तर राग येणारच.

माझं माहेर तुमच्याच भागातलं. २०१९ मध्ये १ मेची सुट्टी धरून मी गेले होते. ११ एप्रिलला लोकसभेचं मतदान उरकलं होतं, गावात तेंदूपत्त्याचं बोलणं सुरू होतं. दुपारी आई वड्यांसाठी लाखोळीची डाळ पाट्यावर वाटत होती. कुरखेड्याकडं दादापूरला नक्षल्यांनी रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्याचं सकाळीच कानावर आलं होतं. तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगानं उडवली, हे दुपारी कळलं. १५ जवान आणि गाडीचा चालक. आईचा हात थांबला. “कोनाचे असतीन वं ते पोट्टे?” एवढंच म्हणाली.

शेजारच्या काकूंचा मुलगा पोलिसात. त्याचा फोन लागेना. आई हात न धुताच त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. बोटांवर डाळ वाळून पांढरी पडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

आणि मी पिशवी भरली. रस्ते बंद होतील, उद्या कामावर जायचंय, अशी कारणं स्वतःलाच देत चारची गाडी धरली. नागभीडला पोचले तेव्हा आईचा फोन आला, “लागला त्याचा फोन. बरा हाये.” बसमध्ये मला रडू आवरेना. तो वाचला म्हणून, आणि ते दोन तास मी त्या ओसरीवर नव्हते म्हणूनही. उरलेली डाळ उन्हानं आंबली, ती आईनं गाईपुढं ठेवली.

तुम्ही थांबलात. माझ्यापेक्षा तुम्ही बरे.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपल्याला वाटतं, घरचे बातम्यांना चिकटून बसलेत. खरं तर ते ऐकलेलं प्रत्येक गाव, प्रत्येक आडनाव ओळखीच्या घरांशी ताडून बघत असतात. कोणाची सोयरीक कुठं, कोणाचा पोरगा कुठं नोकरीला. ते संपेपर्यंत त्यांना दुसरं सुचत नाही.

आज संध्याकाळी बाबांना फोन करा. आधी विचारा, गेलेला माणूस ओळखीचा होता का. सांगतील ते सगळं ऐकून घ्या. मग त्या बांधीचं विचारा. पावसाआधी धुऱ्यावर माती टाकायची असेल, नाहीतर पाणी कुठून फुटतं ते दाखवायचं असेल. त्यांचं सांगणं अर्ध्यावर राहिलंय.