आधी थांबवायचं कसं, ते सांग

प्रिय मुली,

तुझा आराखडा वाचला. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मोडणारं ओपीडी नावाचं जनुक सुडोमोनास जिवाणूत घालायचं आणि तो जिवाणू दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारायचा. जनुकावर 7 पानं, थांबवण्यावर 2 ओळी! आणि वर विचारतेस, हे बरोबर की चूक. थांबवायचं कसं हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

किल-स्विचमधून, म्हणजे जिवाणूला ठरल्या वेळी मारणाऱ्या जनुकीय यंत्रणेतून, 10 कोटींत एकच पेशी निसटते, एनआयएच या अमेरिकी आरोग्य संशोधन संस्थेची मर्यादाही तेवढीच, असं तू लिहितेस. अगं, हिशेब कर. दाट कल्चरच्या, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रवाच्या, 1 मिलीत 100 कोटी पेशी असतात. पाठीवरच्या पंपात लिटरभर ओतलंस की 10 हजार निसटलेल्या बागेत गेल्या. स्विचचं ओझं नसल्यानं वाढणारही त्याच. निसटलेल्या पेशी प्लेटवर वाढवून मोजतानाही 24 तासांवर थांबू नकोस, 7 दिवस ठेव. मंद वाढणाऱ्या उशिरा दिसतात.

दोन स्विच लावले म्हणून सरळ गुणाकार करायचा नाही. दोन्ही एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर, असतील तर प्लाझ्मिडबरोबर दोन्ही जातात. दोन्हींपुढे सारखाच प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) असेल तर पुनर्संयोग होऊन मधला तुकडा उडतो. गुणसूत्रात दूर दूर बसव, यंत्रणा वेगळ्या ठेव. जिवाणूला थायमिनवर (डीएनएचा घटक, जीवनसत्त्व नव्हे) अवलंबून ठेवणंही कच्चंच, मेलेल्या पेशींतून ते आयतं मिळतं. म्हणून तर 2015 मध्ये चर्च आणि आयझॅक्स या शास्त्रज्ञांच्या गटांनी ई. कोलाय जिवाणूला निसर्गात न सापडणाऱ्या अमिनो आम्लावर अवलंबून ठेवलं. अँपिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक मात्र आजच काढ. बागेत त्याचं काय काम?

आता तुला न आवडणारं. क्लोरपायरीफॉस मोडलं की टीसीपी नावाचं रसायन उरतं. ते पाण्यात जास्त विरघळतं, जिवाणूंनाही मारक. पाऊस पडला की कादवा नदीत, तिथून गोदावरीत. जिवाणू थांबवशील, रेणूचं काय?

मला घाबरट म्हणतात, म्हणोत. 1989 च्या नियमांनुसार जीईएसी या केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीच्या मंजुरीशिवाय असं काही बाहेर सोडता येत नाही. मंजुरी मिळाली तरी मी हेच विचारीन. शेजारचा बागायतदार नको म्हणाला तर फवारलेलं परत कसं घेणार?

जिवंत पेशीचाच हट्ट का? पेशी फोड, 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ, कीटकनाशक मोडणारं नुसतं एन्झाइम वापरून पाहा. ते वाढत नाही, काही दिवसांत निकामी होतं. टीसीपीचा प्रश्न तरीही उरतो, तो टाळू नकोस. उरलेलं कल्चर मारायला ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर 30 मिनिटं ठेव. मोठ्या बाटलीला जास्त, मधला भाग उशिरा तापतो.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा पहिलं पान थांबवण्याचं. जनुकं दुसऱ्या पानापासून.