परत गावी आणलं तरी सासरे खुलत नाहीत

ताई, तुम्ही लिहिलंय की सासरे दोन वर्षं न्यू जर्सीत होते, तिथे पडून खुब्याचं ऑपरेशन झालं. घरची हवा लागली की सुधारतील म्हणून वेंगुर्ल्याला आणलं, पण तीन महिने माजघरातून बाहेर येत नाहीत. माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. आम्ही देवगडचे.

आई इथे रोज मासळीवर घासाघीस करून यायची. तिकडे अमेरिकेत गाडी चालवता येत नाही, दुकान चालत जाण्यासारखं नाही, साध्या दुधासाठी शनिवारची वाट बघायची. फोन वाजला तरी उचलायची भीती, समोर इंग्रजी. पडण्याआधी वर्षभर ती परावलंबीच झाली होती, आमच्या लक्षात आलं नाही एवढंच.

इकडे आल्यावर वेगळंच. सगळी वाडी बघायला यायची. विमानाने गेलेली बाई वॉकर घेऊन आली, हे तिला कुणाला दाखवायचं नव्हतं. त्यात पडवीला तीन पायऱ्या, न्हाणीघर मागीलदारी, पावसात चिऱ्यांवर शेवाळ. तिकडे बाथरूममध्ये निदान धरायला दांडा होता! तो आधी बसवा. कमोडही.

डॉक्टर "वय झालं, चालायचंच" म्हणाले तर दुसरा गाठा. म्हातारपणी डिप्रेशन रडण्यापेक्षा अंगदुखी, मेलेली भूक, विसराळूपणा यांतूनच जास्त दिसतं. थायरॉइड, बी-12 तपासा. वयस्करांसाठी 15 हो-नाही प्रश्नांची चाचणी आहे, ती मराठीतून घ्यायला सांगा. गोळ्यांचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. काही गोळ्यांनी या वयात सोडियम उतरतं, चक्कर येऊन माणूस पुन्हा पडतो, म्हणून मध्ये रक्त तपासा. मनोविकारतज्ज्ञ म्हटलं की घरचे बिचकतील. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, म्हणून आमच्याकडे "रत्नागिरीक नेलो" म्हणजे वेड लागलं असाच अर्थ. तिकडे लक्ष देऊ नका. "जगून काय करू" म्हणत असतील तर जीव द्यायचं मनात येतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने कुणाला ते सुचत नाही. हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीही मराठीत बोलता येतं.

आणि प्रेमापोटी हातातलं सगळं काढून घेऊ नका. आम्ही तेच केलं, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचो. एप्रिलमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले तेव्हा फिजिओवाल्या मुलीनेच सुचवलं, म्हणून आईला पडवीत खुर्ची टाकून फोडायला बसवलं. पहिले दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ कमी पडलं म्हणून माझ्या बायकोवर अशी ओरडली, की शेजारच्या काकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.