राबिटचं आधी ठरव
अरे पहिल्यांदाच घराचं काम काढलंयस ना, मग कंत्राटदाराशी बोलतानाच राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, कोण उचलणार ते लिहून घे, आमच्या वेळी तो शेवटी हात वर करून मोकळा झाला आणि 40 गोणी जिन्यात पडून, शेजारच्या आजी भिंत धरून चढायच्या, मला अजून वाईट वाटतं. गोणी अर्धीच भर, लादीचे तुकडे टोकदार असतात, गच्च भरली की उचलताना फाटते. लोखंड, लाकूड वेगळं ठेव, 2016 च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांतही तेच होतं. मुंबईत पालिकेची राबिट उचलून नेणारी 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, वॉर्ड ऑफिसात विचार. रात्री कांदळवनात ओतणाऱ्या टेम्पोवाल्याला अजिबात देऊ नकोस रे, स्वस्त पडला तरी. आणि झाडू मारण्याआधी पाणी शिंपड.