टिटवीच्या अंड्यांवर काळे-तपकिरी ठिपके कशामुळे येतात?

हे ठिपके रंगद्रव्याचे असतात आणि मादीच्या पोटात कवच तयार होतानाच त्यावर उमटतात. बाहेरून माती किंवा डाग लागून आलेले नसतात. तांबूस-तपकिरी छटा देणारं द्रव्य म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला ‘हीम’ हा घटक शरीरात याच द्रव्यापासून बनतो. अंडं स्थिर असताना रंग पडला तर ठिपका, सरकताना पडला तर ओरखड्यासारखी रेघ.

उपयोग मुख्यतः लपण्याचा. टिटवी घरटं विणत नाही. उघड्या माळावर, मुरमाच्या उथळ खळग्यात ती साधारण चार अंडी घालते, भोवती खडे. मी माळावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, तरी दोन पावलांवरची अंडी मला खडेच वाटली आहेत. उलट खंड्या, पोपट, पिंगळा हे बिळात किंवा ढोलीत अंडी घालतात; तिथे लपवायची गरजच नाही, म्हणून ती पांढरीशुभ्र.

मात्र प्रत्येक पक्ष्याच्या ठिपक्यांना हेच कारण लावू नका. युरोपातल्या ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या अंड्यांवर, कवच जिथे पातळ तिथे ठिपके गडद आढळले. कॅल्शियम कमी पडतं तिथे रंगद्रव्य कवचाला बळकटी देतं, असा त्यावरून अंदाज आहे.

आणि कृपा करून अंडी उचलून पाहू नका. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की पाय जपून टाका आणि आल्या वाटेने मागे फिरा.