वजन उतरलं, पण पोटाच्या कातडीचं ऑपरेशन इन्शुरन्समध्ये बसत नाही म्हणतात

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते, वय ४१. तीन वर्षांमागं पुण्यात बॅरिॲट्रिक सर्जरी (वजन उतरवायचं ऑपरेशन) केली, वजन १२६ वरून ७४ वर आलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या, पण पोटाची कातडी पार मांडीवर लोंबतीय. आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहितीच आहे, मार्च लागला की घडीच्या आत घाम साचून कातडी सोलवटते, वास येतो, मागच्या वर्षी जखम चिघळून ॲडमिट व्हावं लागलं, सलाईनमधनं अँटिबायोटिक दिली. माझं कपडे कटिंगचं काम, दिवसभर उभं राहायचं, दुपारपर्यंत परकराची नाडी बसते तिथं नुसती आग होते. सर्जन म्हणतात ऑपरेशन करून टाकू. इन्शुरन्स कंपनीनं प्री-ऑथ (ऑपरेशनआधीची खर्चाची मंजुरी) नाकारलं, कारण दिलंय "कॉस्मेटिक, एक्सक्लूजन कोड ०८". घरात सगळे म्हणतात नाद सोड. खरंच काही होत नाही का?

उत्तर : नाद सोडू नका. तुमची केस मला चांगली वाटते, आणि ती चांगली का आहे ते तुमच्याच पत्रात आहे, ॲडमिट व्हावं लागलं ती एक ओळ.

आधी तो कोड ०८ नीट वाचा, पॉलिसीच्या पुस्तकात मागं एक्सक्लूजनच्या, म्हणजे काय कव्हर होत नाही त्याच्या पानावर सापडेल. २०१९ मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, ही भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिलीय, त्यामुळं कंपनी कुठलीही असली तरी मजकूर तोच. त्यात म्हटलंय की रूप बदलायला केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी कव्हर होणार नाही, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची रिकन्स्ट्रक्शन चालेल, आणि तब्येतीला असलेला थेट आणि तात्काळ धोका काढायला ती गरजेची असेल तरीही चालेल, फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं पाहिजे. तुमचा रस्ता हाच, यातला शेवटचा, तब्येतीच्या धोक्याचा. कंपनी "तात्काळ" वर अडणार हे धरून चाला, म्हणून त्या ॲडमिशनचं डिस्चार्ज कार्ड फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, ते हरवलं असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज देऊन कॉपी काढा.

आता सर्जनच्या पत्राचं. बऱ्याच केसेस इथंच जातात, कारण पत्रात एवढंच असतं की वजन उतरल्यामुळे पोटाची कातडी लोंबते, ऑपरेशन सुचवले आहे. हे वाचून कुणीही कॉस्मेटिकच म्हणणार. पत्रात यायला पाहिजे की घडीखाली वारंवार इंटरट्रायगो (घडीतली कातडी सोलवटणं, पुरळ) होतो, फंगल क्रीम, पावडर, गोळ्या इतके महिने देऊनही परत येतो, अमुक तारखेला सेल्युलायटिस (कातडीखाली पसरणारं इन्फेक्शन) होऊन ॲडमिट केलं, कातडी काढल्याशिवाय हे थांबणार नाही आणि न काढल्यास इन्फेक्शन पसरायचा धोका आहे. आणि ऑपरेशनचं नाव पॅनिक्युलेक्टॉमी असावं, म्हणजे लोंबती कातडी-चरबी तेवढी काढायची. पोटाचे स्नायू आवळणं, बेंबी नवीन जागी बसवणं, हे टमी टकमध्ये येतं आणि ते कंपनी देणार नाही, तुम्हाला करायचंच असेल तर त्याचं एस्टिमेट वेगळं घ्या. जे झालेलं नाही ते मात्र डॉक्टरकडून लिहून घेऊ नका, केस पेपर मागवले की उघडं पडतं आणि मग खरा भागही कुणी मानत नाही.

पत्राला आधार पाहिजे तो कातडीच्या डॉक्टरचा. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलच्या स्किन ओपीडीत दाखवा, तिथला केस पेपरही तेवढाच चालतो, पण पुरळ उठली की त्याच वेळी जा, बरं झाल्यावर नाही, आणि घडी उचलून आतल्या कातडीचे तारखेसकट फोटो तिथंच काढून घ्या. लाज वाटेल, माहितीये मला, पण हे फोटो कंपनीचा डॉक्टर सोडून कुणी बघत नाही. वजन सहा महिने तरी एका जागी आहे हे दाखवणाऱ्या नोंदी लावा, सर्जनही साधारण तेवढं थांबतातच. सोनोग्राफीत हर्निया निघाला तर त्याची दुरुस्ती हा वेगळा आजार म्हणून लिहून घ्या, मात्र बऱ्याच पॉलिसीत हर्नियाला पहिली दोन वर्षं वेटिंग असतं, म्हणजे तोवर क्लेम मिळत नाही, ते बघा.

हे सगळं घेऊन हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्ककडून परत प्री-ऑथ टाका. कॅशलेस (कंपनीनं थेट हॉस्पिटलला पैसे देणं) नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही, ऑपरेशननंतर रिइम्बर्समेंट, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतं, पण पैसे आधी तुमचे जातात आणि नंतर मिळतीलच असं नाही, म्हणून दागिने मोडून घाई करू नका. परत नकार आला तर कंपनीच्या ग्रिव्हन्स (तक्रार) ऑफिसरला लेखी मेल करा, किंवा आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, कंपनीला दोन आठवड्यात उत्तर द्यायचं असतं. तरी नाहीच, तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतले वाद सोडवणारं ऑफिस. सोलापूर पुणे ऑफिसखाली येतं. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, म्हणजे दर वेळी पुण्याला जायला हुतात्मा एक्सप्रेस पकडायची पाळी येत नाही. आमच्या भागातल्या बायका इथपर्यंत येतच नाहीत, पहिल्याच नकाराला गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : भावानं डाएट आणि जिमनं ४५ किलो उतरवलं. दंडाची कातडी लोंबते, शर्ट घालायला लाजतो. त्याचं होईल का? (जुळे सोलापूर)

उत्तर : जखमा, इन्फेक्शन काही नसेल तर अवघड आहे, उगाच आशा लावत नाही. त्याचा त्रास खरा आहे, पण या पॉलिसीच्या भाषेत तो बसत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात विचारा, खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. आणि तो नवीन पॉलिसी काढणार असेल तर प्रपोजल फॉर्मवर आधीचं वजन, बीपी, शुगर सगळं खरं लिहायला सांगा. सलग ६० महिने प्रीमियम भरला की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण तोवर एक लपवलेली गोष्ट अख्खी पॉलिसी रद्द करायला पुरते.